चार निरोप

उरणच्या गोदामात सुचिता नवे नेटवर्क स्विच सेट करत होती. मॅनेजर ठाकूर मागे उभे होते.

"मॅडम, यातला एक बंद पडला तर दुसऱ्याला कळणार कसं?"

"दर दहा सेकंदांनी ते एकमेकांना 'मी आहे' असा निरोप पाठवतात. ओळीने चार निरोप आले नाहीत, की तो गेला असं धरून दुसरा डेटाची वाट बदलतो."

आकडा टाइप करताना तिचा हात थांबला. नागावला एकटे राहणारे तिचे वडील, दादा, रोज सकाळी वाडीतल्या जास्वंदीचा फोटो पाठवायचे. ती बघायची, उत्तर द्यायचं राहूनच जायचं. तिने घाईघाईने मोबाइल उघडला. शेवटचा फोटो सोमवारचा होता. आज शुक्रवार.

पहिला फोन वाजून वाजून बंद झाला. दुसराही. शेजाऱ्यांचा नंबर तिच्याकडे नव्हताच. तिसरा दादांनी उचलला.

"दादा, बरे आहात ना? चार दिवस फोटो नाही तुमचा!"

"बरा आहे की. वाडीत पाणी लावत होतो. चारच दिवसांत कळलं तुला? मी महिना धरून चाललो होतो."