आपल्या माणसाचा माल

"फिरवा," ती गाडीखालून म्हणाली.

म्हातारा मागच्या चाकाशी उकिडवा बसला होता. हात चाकावर, पण चाक काही हलेना.

"बाबा, फिरवा म्हणते ना."

"अगं, सकाळी सकाळी काय हे खूळ? कामावर नाही का जायचं तुला?"

"मी फिरवतो की," म्हणत बाकावरचा ट्रकवाला उठला. त्याचा एक्सल न्यायला तो गॅरेजमध्ये येऊन बसला होता, आणि फुकटचा तमाशा कोणाला नको असतो?

"तुम्ही बसा, काका. बाबाच फिरवतील."

ट्रकवाला गपकन बसला.

गाडी म्हाताऱ्याच्या तरुणपणातली, बापलेकीनं भंगारातून उभी केलेली. लेक आठवडाभर तिच्यातूनच कारखान्यात जायची आणि रविवारी जुन्या धावपट्टीवर तीच पळवायची. दोन गाड्या शेजारी शेजारी, सरळ चारशे मीटर, पुढे जाईल तो जिंकला. पाच रविवार ती हरली होती. पाचही वेळा बेकरीवाल्याकडून, आणि त्याची गाडी हिच्या गाडीची सख्खी बहीण शोभावी अशी.

एक चाक जॅकवर हवेत, दुसरं जमिनीवर. हवेतलं चाक पुरतं दोनदा फिरवायचं आणि इंजिनाकडून येणारा शाफ्ट तेवढ्यात किती वेळा फिरला ते मोजायचं. चारच्या वर गेला, तर मागचे गिअर शर्यतीचे. तीनवर थांबला, तर निवांत लांब जायचे, पेट्रोल वाचवायचे. काही न खोलता मोजायची ही युक्ती म्हाताऱ्यानंच तिला शिकवलेली. सोबत दुकानाचा कायदाही: परक्याचा माल आला की गिअरचे दात मोजून घ्यायचे, आपल्या माणसाचा शब्द पुरे.

तिनं शाफ्टवर खडूची रेघ मारली. "हं."

म्हाताऱ्यानं चाक फिरवलं. हळूहळू, जणू झोपलेलं मूल कुशीवर वळवतोय.

"एक," खालून आवाज आला. मग, "दोन." मग बराच वेळ काही नाही. "तीन."

टायरवरची खूण दुसऱ्यांदा वर आली. चाक थांबलं. खालची रेघ तीनच्या पुढे जेमतेम बोटभर सरकली होती.

"अजून फिरवा."

"दोन फेरे झाले."

"ठाऊक आहे मला. म्हटलं, चौथा कुठे लपून बसलाय का बघावं."

ती बाहेर सरकली, उठून उभी राहिली. पाठीला माती, गालाला ग्रीस. पुसलं नाही.

"चारचे टाकलेत म्हणून सांगितलं होतंत. मी मोजले नाहीत. तुमचे होते ना!"

म्हातारा खाली बघत जॅकच्या दांड्याशी खेळत राहिला.

"काल बेकरीवाला म्हणतो, ताई, माझी गाडी पेट्रोल ढोसते, तुमची नुसते ओठ लावते. जादू काय आहे? मीही हसले. जिना चढताना तिसऱ्या पायरीवर ध्यानात आलं आणि पाय तिथंच थांबला, बघा."

"जाऊ दे गं पोरी," ट्रकवाला म्हणाला. "शेवटी बापाचं काळीज..."

"काका, तुमच्या एक्सलमधले गिअर यांनीच भरलेत ना? घरी गेलात की दात मोजून घ्या."

ट्रकवाल्यानं कोपऱ्यातल्या आपल्या एक्सलकडे बघितलं.

"हरून आले की काय म्हणायचात मला? 'क्लच सोडायला उशीर करतेस, बाळ.' पाच वेळा! मागच्या बोळात क्लच मारून मारून माझा गुडघा टम्म सुजला. शेक कोणी दिला?"

म्हाताऱ्यानं दांडा या हातातून त्या हातात घेतला.

"कोणी दिला शेक?"

"मीच."

"चांगला दिलात. रोज दिलात. आणि तोंडानं एक अक्षर नाही!"

आता म्हातारा उठला. दांडा हातातून फेकला, तो ठणठणत भिंतीला जाऊन लागला. "मग काय करू? मी उभा असतो सुरुवातीच्या रेघेवर. तू सुटतेस, धूर होतो, आणि शेवटाला तू दिसतच नाहीस मला! नुसता आवाज. ब्रेक लागला की नाही, वळलीस की पलटलीस, काय कळतं मला? तुझी गाडी परत येईस्तोवर मी तिथं..."



"मग त्या टोकाला जाऊन उभं राहायचं. भीती वाटते म्हणून सांगायचं. मी हरणं सोसलं असतं, बाबा. माझा पाय कशाला खोटा पाडलात?"

म्हातारा आतल्या कपाटाकडे गेला. तेलानं काळं झालेलं एक गाठोडं दोन्ही हातांनी पोटाशी धरून आणलं आणि तिच्यासमोर फरशीवर ठेवलं.

"विकले नाहीत. तेल लावून ठेवलेत. मोठ्याला सदतीस दात, छोट्याला नऊ. भागले की चारच्या वर बसतात. रविवारच्या आत घालतो."

ती खाली बसली. फडकं सोडलं. मोठा गिअर पुढ्यात ओढला, खडू घेतला आणि एका दातावर खूण केली. मग पुढच्या दातावर बोट ठेवलं.

"एक. दोन. तीन."

ट्रकवाला उठला आणि एक्सल तिथंच सोडून बाहेर रस्त्यावर जाऊन उभा राहिला.

"अठरा. एकोणीस."

"सदतीसच आहेत गं," म्हातारा म्हणाला. "मी सांगतोय ना."

तिचं बोट थांबलं. मग ते उचलून तिनं पुन्हा खडूच्या खुणेशी आणलं.

"एक," ती म्हणाली.