चांदणी घर सोडते

"कट!" रुचिता मॅडमचा आवाज माळावर घुमला. "समिधा, अगं परत मागे बघितलंस तू."

समिधाने जीभ चावली. निळा झगा दोन्ही हातांनी सावरत ती पुन्हा लाकडी दारापाशी जाऊन उभी राहिली. पुढून ते घर होतं. मागून नुसते बांबू आणि ताणलेलं हिरवं कापड.

कशेळ्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी, तिसऱ्या सिनेमाचं शूटिंग चाललं होतं. जादूगारांच्या शाळेतल्या पोरांची ती गोष्ट मुळात पुस्तकांतली. एकेका पुस्तकागणिक पोरं मोठी होत जाणारी. पहिल्या सिनेमात चांदणी व्हायला समिधाला पोशीरच्या शाळेतून निवडलं, तेव्हा तिचे पुढचे दात पडलेले होते आणि जादूची काठी हातात धड राहत नव्हती. आता पुस्तकातली चांदणी अठरा वर्षांची झाली होती. समिधाही.

आज चांदणी घर सोडून लढाईला निघणार होती. आईने दारात उभं राहायचं, चांदणीने पायवाटेने सरळ चालत जायचं, वळून बघायचं नाही. बस, एवढाच शॉट. पण रुचिता मॅडम दिग्दर्शक, आणि सगळा सिनेमा या चालण्यावर उभा आहे असं त्या सकाळपासून सांगत होत्या.

कॅमेऱ्याच्या अलीकडे, करंजाच्या सावलीत, समिधाची आई द्वारका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. मांडीवर डबा. पहिल्या सिनेमापासून ती अशीच बसत आली होती. लावणी असो की कापणी, पोरीचं शूटिंग लागलं की शेत जावेच्या भरवशावर टाकून ती यायची. सिनेमात चांदणीची आई झालेली बाई मुंबईची. तीसुद्धा द्वारकेला बघून म्हणायची, "या, खऱ्या आई आल्या."

दार उघडलं. समिधा निघाली. ताठ मान, खांद्याला गाठोडं, झग्याचं टोक गवतावरून सरकतंय. वाटेच्या वळणावर तिची मान वळली.

"कट! काय होतंय तुला?" मॅडम उठून तिच्याजवळ गेल्या. "ऊन बघ कुठे गेलंय. उद्या हे घर मोडून इथे लढाईचा सेट लावायचाय. आता नाही झालं तर मला हा शॉट काढूनच टाकावा लागेल."

"सॉरी मॅडम. आपोआपच होतंय." समिधाने गाठोडं पुन्हा खांद्यावर घेतलं.

"दारातल्या आईकडे नाही बघायचं गं. तिला मनात ठेव, आणि चाल."

द्वारकेने ते ऐकलं. पोरीची नजर दारातल्या बाईकडे जातच नव्हती. ती येत होती या खुर्चीकडे. लहान होती तेव्हा शॉट संपला की समिधा आधी इकडे बघायची. आईने मान हलवली की तिला जमल्यासारखं वाटायचं. मग मॅडम काय म्हणतात ते. आता शॉट संपायचीही वाट न बघता मान वळत होती. एवढ्या माणसांत ते दुसऱ्या कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. समिधाच्या स्वतःच्याही नाही.

मॅडमना सांगावं असं तिच्या मनात आलं. पण मग सगळ्यांदेखत बोभाटा. ती उठली आणि समिधाचा चेहरा पुसणं चाललं होतं तिथे गेली.

"मी निघते गं."

"आत्ता? का?"

"गुरं बांधायची हायेत. डबा करंजाखाली ठेवलाय, उपाशी राहू नको."

"अगं पण शॉट तरी बघून जा. तुला बघायचा नाय?"

"मी बघून काय करू? तू करणार हायेस ना?"

समिधाने तिचा हात धरला. "रागावलीस का गं?"

"नाय गं माझे बाय." द्वारकेने तिच्या गालावरचा पावडरचा ठिपका बोटाने टिपला. "जा. उजेड चाललाय."

जाताना तिने खुर्ची उचलून गाड्यांच्या रांगेत नेऊन ठेवली. जनरेटरच्या मोठ्या गाडीमागे ती थांबली. इथून दार दिसत नव्हतं, वाट दिसत नव्हती. कुणीतरी "सायलेंस" म्हणून ओरडलं, मग "ॲक्शन".

दाराची कडी वाजली. मग पावलं. सुकल्या गवतातून ती येत गेली, वळणाशी आली. द्वारकेने गाडीचा पत्रा घट्ट धरला. पावलं थांबली नाहीत. लांब गेली, आणखी लांब गेली, आणि मग ऐकूच येईनात.

"कट! ओके! सुंदर!" टाळ्या वाजल्या. त्यातून समिधाचं हसणं ऐकू आलं. "झालं? खरंच झालं मॅडम?" मॅडम काहीतरी म्हणाल्या आणि सगळेच हसले.

द्वारकेने पदराने तोंड पुसलं आणि ती उतारावरून सडकेकडे निघाली.

सडकेला हर्षदची जीप उभी होती. शूटिंगच्या दिवसांत तो मायलेकींना इथूनच घ्यायचा. त्याने मागचं दार उघडून धरलं आणि माळाकडे बघितलं.

"काकी, एकटीच? समिधा कुठं हाय? थांबू का जरा?"

"नको रं," द्वारका आत बसत म्हणाली. "ती कामावर हाय. येईल तिची ती."