हरितगृहातली दुसरी सावली

१९९८च्या हिवाळ्यात निशातने ऊर्जानगरच्या आपल्या क्वार्टरमागे बांबू वाकवून त्यावर पांढरं प्लास्टिक ताणलं आणि पहिलंवहिलं हरितगृह उभं केलं. त्यात लावलेली टमाट्याची रोपं दोनदा मेली. "आत गरमी कोंडून राह्यली, पोरी. दुपारी पडदा उचलत जा ना," असं शेजारच्या रुखमाबाईंनी सांगितलं आणि तिसऱ्या खेपेला रोपं तरारली.

रविवारी सकाळी पहिलं फूल आलं. निशात आतूनच आनंदाने ओरडली. तिचा नवरा जलालुद्दीन मागच्या दारात चहा गाळत होता. प्लास्टिकवर त्याला दोन सावल्या दिसल्या. एक झारीने पाणी घालत होती, दुसरी तिच्यामागे वाकली होती. आत गप्पा रंगल्या होत्या. रुखमाबाई आलेल्या पाहून त्यालाही बरं वाटलं. त्याने तिसरा कप भरला.

"बाई, चहा घ्या!"

"आली, आली भाऊ!"

आवाज त्याच्या पाठीमागून आला. शेणखताचं टोपलं डोक्यावर घेऊन रुखमाबाई फाटकातून येत होत्या. "काऊन ओरडून राह्यले? दमानं येऊ द्या ना मले."

जलालुद्दीनने पुन्हा प्लास्टिककडे पाहिलं. वाकलेली सावली आता सरळ उभी राहिली होती.

"निशात, बाहेर ये," तो कसाबसा म्हणाला.

"कशी येऊ जी?" निशात आतून खिदळली. "रुखमाबाई हात सोडूनच नाई राह्यल्या. बापा बापा, बाई, किती थंडे हात तुमचे!"