भाग्याची पहिली शर्यत

माझी भाग्या पहिलीत. शाळेच्या खेळात तीच पहिली येणार, हे मी अख्ख्या कमठाण्यात सांगून ठेवलं होतं. शिट्टी वाजली, तशी पोरगी सगळ्यांच्या मागं राहून, दोन्ही हात पसरून पळाय लागली.

शेजारची मंगल म्हणाली, "अक्का, पोरगी पळायलीय का वरातीत चाललीय?"

एरवी गावात माझ्या तोंडाला कुणी लागत न्हाई, पण तेव्हा मी मंगलला सोडून पोरीवरच डोळे वटारले. शर्यत संपताच मी सगळ्या मास्तरांसमोर भाग्याच्या थोबाडीत दिली. "कामून मागं राहिलीस?"

 

गाल धरून ती म्हणाली, "मेंढरं घरी आणताना आपण शेवटी राहायचं, असं तूच शिकवलीस की. बघ माय, एक बी पोरगं मी मागं सोडलं न्हाई."