जनुकं जागवणारं औषध

काटोलच्या शेतकरी मेळाव्याला निघताना डॉ. विलास ढोबळेंनी संत्र्याची कलमं ज्यावर बांधतात त्या जंभेरीच्या बियांचे दोन्ही ट्रे उघडून पाहिले. साध्या पाण्यात भिजवलेल्या बियांना छान कोंब फुटले होते आणि त्यांनी स्वतः बनवलेल्या संजीवकात, म्हणजे वाढीच्या औषधात, भिजवलेल्या बिया ढिम्म पडून होत्या. 'या संत्रेवाल्यांना काय घंटा कळते!' म्हणत त्यांनी ट्रेवरच्या चिठ्ठ्यांची बिनदिक्कत अदलाबदल केली.

मेळाव्यात गडी तासभर बोलला. बियांतली जनुकं झोपलेली असतात, त्यांना कुलूप घालणारंही संजीवकच आणि उघडणारंही. आपलं औषध म्हणजे त्या कुलपाची किल्ली, असं त्यांनी कोंबांचा ट्रे उंच धरून सांगितलं. टाळ्या पडल्या, फुकट बाटल्या वाटल्या गेल्या. पहिल्या रांगेत त्यांचे सासरे नत्थूजी, नरखेडचे नर्सरीवाले, सगळ्यांत जोरात टाळ्या पिटत होते.

बाकीचे मरेनात का, पण घरच्या माणसाला सावध करावं म्हणून ढोबळेंनी नागपूरला पोचताच फोन लावला.



"जवाईबुवा, तुम्ही काही चिंता करू नका," नत्थूजी अभिमानानं म्हणाले. "साऱ्या नर्सरीचं बी तुमच्याच औषधात भिजू घातलं. साध्या पाण्याचा थेंबही नाही लागू देल्ला!"