आईचं पडद्यावरचं मरण

"माझ्या आईचं मरण बघून आजवर कोणी कोरड्या डोळ्यांनी बाहेर पडलेलं नाही," उल्हास माइकवर म्हणाला. "आज तुम्हीही पडणार नाही. रुमाल काढून ठेवा."

मयूर विहारच्या सोसायटीचा हॉल गच्च भरला होता. महाराष्ट्र मंडळाचा गणपती, शनिवारची संध्याकाळ. उल्हासची आई सरला एके काळी सिनेमात मरायची. नायकाची आई, नायिकेची आई, एकदा तर खलनायकाचीही. पुढे तसले सिनेमे बंद झाले. ती मुलाकडे दिल्लीला आली आणि गेल्या वर्षी खरोखरच वारली. "झोपेत गेली, आम्हाला कळलंसुद्धा नाही," असं उल्हास सगळ्यांना सांगायचा. तेव्हापासून तो स्वतः मात्र धड झोपला नव्हता. डोळा लागला की कोणीतरी त्याला हळूच हाक मारायचं. तिच्यासाठी लोकांना एकदा रडताना ऐकलं की हे थांबेल, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. म्हणून पूर्वी एका रविवारी दुपारी दूरदर्शनवर लागलेला तिचा सिनेमा, जो त्याने घरी टेप करून ठेवला होता, तो आज भाड्याच्या प्रोजेक्टरवर लागणार होता.

"अंकल, डोन्ट माइंड हं," तो जागेवर येऊन बसल्यावर शेजारची रसिका म्हणाली. ही मंडळाचे अध्यक्ष गुलाबराव यांची मुलगी. नोएडाच्या फिल्म सिटीत एका नव्या चॅनेलमध्ये लागली होती आणि तेव्हापासून देवळातल्या आरतीलाही 'शॉट' म्हणायची. "पण ती जुनी ॲक्टिंग आता नाही चालत, यार. फार लाउड."

"बघ तर. रडशील."

दिवे गेले. भिंतीवर सरला उभी राहिली. काळी-पांढरी, छताला टेकलेली. अंधारात ती आपल्यालाच शोधतेय, असं उल्हासला वाटलं. तो खुर्चीत जरा खाली सरकला.

शेवटच्या प्रसंगात तार आली. सरलाने ती वाचली, कपाळावर हात मारला, "देवा!" म्हणून हंबरडा फोडला, गरगर फिरली, पडदा धरला, सोडला, पुन्हा धरला. मागून कोणीतरी फिसकन हसलं. ती खाटेवर कोसळली. मग उठली. मुलाला उपदेश केला, परत कोसळली, आणि सुनेचं राहिलं म्हणून पुन्हा उठली.

"अहो आजी, आता तरी जा ना!" एक पोरगा ओरडला.

हॉल खदखदून हसला. गुलाबरावांनी तर खरोखरच रुमाल काढला. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. रसिकाने उल्हासकडे बघायचं टाळलं.

'समाप्त' आलं. मशीन बंद करायचं काम गुलाबरावांकडे होतं, पण ते अजून डोळे पुसत होते. कॅसेट फिरत राहिली. पडद्यावर मुंग्या आल्या आणि मग एकदम रंग आले. हिरवा सोफा. टीपॉयवर केक. उल्हासचाच दिवाणखाना, उल्हासचाच पन्नासावा वाढदिवस.

दुसऱ्या बाजूला बसलेल्या त्याच्या बायकोने, कल्पनाने, त्याची बाही घट्ट धरली. "अहो, हे कसं काय? भाऊ म्हणाला होता पुसून टाकलंय!"

भावाने पुसलं नव्हतं. सिनेमानंतर कॅसेट रिकामी उरली होती, आणि कल्पनाच्या माहेरी काहीही वाया घालवणं पाप समजत. हँडीकॅमवरचं वाढदिवसाचं सगळं त्याने नीट तिथे उतरवून ठेवलं होतं.

उल्हास उठला, मशीनकडे धावला. त्याची भलीमोठी सावली आईवर पडली.

"ओ, डोकं खाली!" "बसा हो खाली!" चारी बाजूंनी ओरडा झाला. कोणीतरी त्याला खांदा दाबून खुर्चीत बसवलं.

पडद्यावर सरला सोफ्याच्या कडेला बसली होती. मांडीवर केकची बशी. कॅमेऱ्यामागून उल्हासचा आवाज आला. "आई, आज माझा वाढदिवस आहे. एकदा मरून दाखव ना!"

ती हसली. बाकी काहीच केलं नाही. दाराकडे बघितलं, जणू कोणी आलंय. "उल्हास, अरे..." एवढंच म्हणाली, हळूच. बशी कलली. केक साडीवर घसरला. मान सोफ्याला टेकली.

पडद्यावरच्या घरात हशा पिकला. "हॅ! आई, अजिबात जमलं नाही," उल्हासचा आवाज म्हणाला. "परत कर."

तिने परत केलं नाही. त्या दिवशी हे कोणाच्या लक्षात यायला केक संपावा लागला होता.

हॉलमध्ये पंख्यांचा आवाज ऐकू येऊ लागला. मग एक हुंदका आला. मग दुसरा. पहिल्या रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मघाशी ओरडलेला पोरगा नाक ओढत होता. उल्हास ऐकत होता. हेच त्याला ऐकायचं होतं.

"अंकल, सॉरी," रसिका म्हणाली. तिचं काजळ गालावर उतरलं होतं. "मी चुकले. काय ॲक्टिंग केलीये आजींनी! काहीच करत नाहीयेत त्या. आज कोणाला जमणार आहे हे?"

उल्हासने सांगायला तोंड उघडलं.

तेवढ्यात टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक उठून उभे राहिले. आणि मागच्या रांगेतून, नाटकाला बसल्यासारखी, कोणीतरी खणखणीत आरोळी दिली. "वन्स मोअर!"

गुलाबरावांनी टेप मागे घेतली.