शेवटची पानं

मावशीनं परदेशात आपल्या गॅरेजमध्ये तिथल्या मराठी मुलांसाठी वाचनालय काढलं आणि इकडे बारकीचं कपाट रिकामं व्हायला लागलं. आई गुणगुणत तिची गोष्टींची पुस्तकं पुसायची, दुमडलेले कोपरे सरळ करायची, एकेकाला कव्हर घालायची. बारकीच्या वह्यांना कव्हर घालायचं म्हटलं की मात्र आईची कंबर धरायची.

"तुझी वाचून झालीत ना? त्या पोरांना केवढा आनंद होईल," आई म्हणाली.

कधी न पाहिलेल्या पोरांचा एवढा पुळका बघून बारकीच्या अंगाचा तिळपापड झाला. आई खोका आणायला गेली तेवढ्यात तिनं प्रत्येक पुस्तकाचं शेवटचं पान फाडून गादीखाली दडवलं. आता करा म्हणावं आनंद.

दोन महिन्यांनी मावशीचा फोन आला. आईनं तो स्पीकरवर टाकला तशी बारकी दाराआड सरकली.

"ताई, शेवट मुलांवर सोडायची कल्पना कुणाची गं? इथे नुसता धुमाकूळ चाललाय. एकेका गोष्टीला सात-सात शेवट लिहिलेत. ऐक."

मावशी वाचत सुटली. आई हसून हसून बेजार झाली. बारकी आत गेली आणि गादीखालची पानं काढून बसली. एकूण एक शेवट पुचाट निघाला.

वाढदिवसाला नवं पुस्तक मिळालं, तेव्हा ते वाचायच्या आधीच तिनं शेवटचं पान फाडून आईपुढे धरलं.

"हे तुझ्याकडे ठेव. मी मागितलं तरी देऊ नकोस."